कोयता फडात, मत गावात

२०२४ सालचा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. मधे पाच दिवस. टोळ्या तर आधीच निघतात. कोप्या घालायच्या, पाण्याची, सरपणाची सोय लावायची. तेव्हा मतदानाच्या दिवशी कितीतरी कोयते फडात होते आणि त्यांची मतदारयादीतली नावे बीडकडच्या गावात.

आधीच्या दोन विधानसभांना हा पेच पडला नाही. २०१४ ला मतदान १५ ऑक्टोबरला झाले, २०१९ ला २१ ऑक्टोबरला. मत टाकून माणसं ट्रकात बसली. लोकसभा तर पट्टा पडल्यावरच येते. २०२४ ला बीडचे मतदान १३ मे रोजी होते. खरी ओढाताण ग्रामपंचायतीला. १५ जानेवारी २०२१ आणि १८ डिसेंबर २०२२ ही मतदाने भर हंगामात झाली. अशा वेळी उमेदवाराची जीप फडावर येते, माणसं भरून नेते, परत आणून सोडते. आता ज्याच्या जीपमधून गेलो त्याच्याविरुद्ध शिक्का मारायचा म्हणजे मोठ्या जिगरीचे काम!

कोणी म्हणेल, पोस्टाने मत पाठवावे. आम्हालाही आधी तसेच वाटे. पण टपाली मतपत्रिका मागेल त्याला मिळत नाही. सैन्यातले जवान, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, तसेच ८५ वर्षांवरचे वृद्ध आणि ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेले मतदार, अशा ठरावीक लोकांनाच ती सवलत आहे. वृद्धांकडे मतदान पथक घरी येते, पण अधिसूचनेनंतर पाच दिवसांत १२-डी नमुन्याचा अर्ज गेला पाहिजे. जवानाच्या मतपत्रिकेसोबत साक्षांकित प्रतिज्ञापत्र लागते; ते राहिले की मत बाद. शिवाय पाकीट मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचायला हवे.

मध्यंतरी वसईला होळी भागात एका स्नेह्यांकडे जाणे झाले. मुलगा व्यापारी बोटीवर. वडील म्हणाले, "नौदलात असता तर मतपत्रिका मिळाली असती. मालाच्या बोटीवर आहे, म्हणून नाही." आखातात नोकरीला गेलेल्यांचेही तेच. कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन अनिवासी भारतीयांची नावे यादीत घेता येऊ लागली, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर राहावे लागते. विमानाचे भाडे काढून कोण येणार? बोटीवरचा खलाशी आणि आपला तोडकरी या बाबतीत एकाच रांगेत उभे आहेत.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे, रोजंदारीवाल्यालासुद्धा. पण तोडीचा हिशेब टनावर. गावी जाऊन यायचे म्हणजे दोन-तीन दिवस मोडतात; वर गाडीभाडे, खाडा, आणि मुकादमाची उचल डोक्यावर असतेच.

वाट अगदीच नाही असेही नव्हे. विस्थापित काश्मिरी मतदारांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत वेगळी मतदान केंद्रे असतात. निवडणूक आयोगाने १६ जानेवारी २०२३ ला राजकीय पक्षांपुढे एक यंत्र मांडले होते. एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मत देता येईल अशी त्याची रचना. पक्षांनी शंका काढल्या आणि काम तिथेच अडले. साखर कारखान्याच्या गट ऑफिसात असे एक यंत्र बसले असते तर, असे मनात येऊन गेले.

आणि एक कबुली. पाच दिवस आधी तोड यावी ही घाई आपलीही होती. ऊस वाळतो, उतारा घटतो, रान गव्हाला मोकळे हवे असते. आम्हीही चिटबॉयकडे चार खेपा घातल्याच. आपण स्वतः मात्र कारखान्याच्या निवडणुकीत हजर राहून मत देतो, कारण सहकार कायद्यात दुसऱ्याकरवी मत चालतच नाही. ते केंद्र पडते गावाजवळ, म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही.

पुढची विधानसभा मुदतीप्रमाणे २०२९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येईल. त्या वर्षी मोळी टाकण्याची तारीख मतदानानंतरची धरावी आणि मुकादमांशी करार करतानाच तसे लिहून घ्यावे, असा विषय आम्ही वार्षिक सभेसाठी देणार आहोत. ज्या सभासदांना पटेल त्यांनी त्या वेळी हात वर करावा.