सही करण्याआधी



आमच्या वर्गात ‘अपार’ क्रमांकाची संमतीपत्रे वाटली होती. आई किंवा वडिलांची सही आणायची होती. मी कागद दप्तरातच विसरले. सोमवारी सकाळी आई भांगलणीला गेलेली. मग मीच आईच्या नावाची सही ठोकली.

गुरुजींनी सही पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. “हे अक्षर तुझं आहे,” एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी दुसरा कोरा कागद दिला आणि सांगितले, “घरी मोठ्यानं वाचून दाखव. पटलं तरच सही आण.”

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. मी कागद वाचला. आईने तीन प्रश्न विचारले. मला एकाचेही उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारून घेतले, ते इथे लिहिते.

“कशाला पायजे ह्यो नंबर?”
अपार हा विद्यार्थ्याचा १२ अंकी क्रमांक आहे. आपले गुण, प्रमाणपत्रे त्याखाली संगणकावर एकत्र राहतात. शाळा बदलली तरी क्रमांक तोच. तो काढायला आधार क्रमांक लागतो.

“शिकतीस तू, मग सही माझी कशाला?”
आपली माहिती कुठे जाईल, पुढे कोण वापरील, हे लहान मुलांना कळत नाही. म्हणून पालकांना विचारतात. २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची संमती सांगितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला होता.

“आन् न्हाय दिली तर शाळंतनं काढत्यात काय?”
नाही. ही संमती ऐच्छिक आहे, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. आधार नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच सांगितले आहे.

आता दुसरी गोष्ट. एकदा एक पाहुणे माहिती भरायला आले होते. “कुणाच्या घरी दारू पितात? हात वर करा,” म्हणाले. माझ्या शेजारची मैत्रीण मान खाली घालून बसली. मधल्या सुट्टीत तिने डबासुद्धा उघडला नाही. त्या दिवशी कोणाच्याच घरी विचारलेले नव्हते.

आपल्या कडेगावच्या ताबूतांच्या भेटी बघायला गावोगावची माणसे येतात. ती गोष्ट चारचौघांनी बघायचीच. पण घरातले आजारपण, कर्ज, भांडण यांचे तसे नाही. असे काही विचारायचेच असेल, तर आधी घरी कळवावे, उत्तर एकट्याकडून घ्यावे, आणि गरज नसेल तिथे नाव लिहू नये.

मित्रांनो, कागद घरी वाचून दाखवा. माझ्यासारखी सही करू नका. पालकांनो, आपण प्रश्न विचारलेत तर गुरुजी रागावत नाहीत. मी अनुभव घेतला आहे.

आईने दोन दिवस विचार केला. आप्पांशी बोलली आणि मग सही केली. तिची सही माझ्यापेक्षा वाकडी आहे. पण या वेळी गुरुजींनी कागद लगेच घेतला.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी