नेपल्सचे रोजचे गिऱ्हाईक कोठे जेवते?

दक्षिण इटलीतील नेपल्स हे शहर आपल्या व्यापारी कुटुंबांना सर्वस्वी अपरिचित नाही. शहराच्या जुन्या भागात बोर्गो ओरेफिची ही सोनारांची पेठ आहे. उत्तरेला मार्चानीझे येथे ‘इल तारी’ हे दागिन्यांच्या कारागिरांचे व व्यापाऱ्यांचे मोठे संकुल आहे. वेसुव्हियस ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेले तोरे देल ग्रेको तर पोवळ्यांच्या कोरीव कामासाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. कामानिमित्त तेथे जाणाऱ्यांपुढे, आणि त्यांच्यासोबत पाँपेई व काप्री पाहण्यास निघालेल्या कुटुंबीयांपुढे, एक प्रश्न दररोज उभा राहतो : जेवावे कोठे?

पहिले दोन दिवस सोबतच्या खाकऱ्या-थेपल्यांवर निभतात. तिसऱ्या दिवशी मुले हट्ट धरतात, वडीलधाऱ्यांनाही गरम घासाची आठवण होते, आणि मंडळी समुद्रकाठच्या पहिल्याच झगमगत्या उपाहारगृहात शिरतात. तेथे पैसे अधिक जातात, ताटात काय आले हे नीट उमगत नाही, आणि आपल्या आहारमर्यादेविषयी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हसतमुखाने ‘होय’ असेच उत्तर मिळते. हे ‘होय’ कितपत भरवशाचे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर व्यापाऱ्याला आपल्या धंद्यातच सापडेल. दुकाने दोन प्रकारची असतात. काही फिरत्या गिऱ्हाइकावर चालतात, तर काही बांधलेल्या गिऱ्हाइकावर. आज आलेला माणूस पुन्हा दिसणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला शब्द पाळण्याची निकड नसते. ज्याचे गिऱ्हाईक उद्या दुपारी पुन्हा उंबरठ्यावर येणार आहे, तो मात्र माल आणि शब्द दोन्ही जपतो. नेपल्समध्ये प्रवाशांची गर्दी स्पाक्कानापोली, व्हिया देइ त्रिबुनाली, सान ग्रेगोरिओ आर्मेनो ही देखाव्यांच्या बाहुल्यांची गल्ली आणि समुद्रकाठचा रस्ता या पट्ट्यात एकवटते. या भागात चांगली खानावळ नाहीच असे नव्हे. परंतु निवड करणे तेथे कठीण जाते, कारण बांधलेले गिऱ्हाईक गर्दीत दिसत नाही.

ते पाहायचे असेल तर फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढणारी डोंगरगाडी, धरून व्होमेरो टेकडीवर जावे. ही नेपल्सच्या मध्यमवर्गीयांची राहती वस्ती असून तेथे आन्तिन्यानोचा भाजीबाजार भरतो. खाली मोन्तेसान्तो स्थानकाजवळचा पिन्यासेक्का बाजारही असाच रोजच्या खरेदीचा आहे. बाजाराच्या आसपास गृहिणी, दुकानदार आणि कचेरीतली माणसे जेथे दुपारी जेवतात, त्या लहान खानावळींना तेथे ‘त्रात्तोरिया’ म्हणतात.

त्यांची पारख करण्याच्या खुणा साध्या आहेत. दाराशी उभे राहून कोणी हाका मारीत नाही. पदार्थांची रंगीत छायाचित्रे आणि सहा भाषांतील जाडजूड यादी नसते. असते ती एका पानाची, पुष्कळदा हाताने लिहिलेली आणि रोज बदलणारी. स्वयंपाकघर दुपारी साधारण साडेबारापासून अडीच-तीनपर्यंतच चालते. दिवसभर अखंड चालणारे स्वयंपाकघर बहुधा प्रवाशांसाठी असते. यादीत पदार्थापुढे तारांकन असेल तर तो गोठवलेल्या मालाचा आहे असे समजावे. तारांकनांची रांग लागली असेल तर पुढे चालू लागावे. सोनारपेठेतील ओळखीच्या व्यापाऱ्याला ‘चांगले उपाहारगृह कोणते’ असे न विचारता ‘आपण स्वतः दुपारी कोठे जेवता’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला तो पाहुण्याला शोभेल असे नाव सांगेल, दुसऱ्याला खरे उत्तर देईल.

या शोधात आपला आहारनियम अडसर वाटतो, पण तो उत्तम कसोटीही आहे. ज्या स्वयंपाकघरात रस्सा सकाळीच मोठ्या पातेल्यात शिजून तयार असतो, किंवा डब्यातून येतो, तेथे लसूण वगळता येत नाही. जेथे टोमॅटो समोर चिरून तव्यात पडतात, तेथेच ‘लसणावाचून’ हे शब्द अर्थपूर्ण ठरतात. म्हणून मागणी ऐकल्यावर स्वयंपाक्याला विचारायला आत जाणारा वाढपी तत्काळ मान डोलावणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा. ‘हा पदार्थ जमणार नाही, तो जमेल’ असे सांगणारी खानावळ तर आपलीच समजावी.

नेपल्सच्या अन्नपरंपरेत आपल्यासाठी बरेच काही आहे. शेवयांसारखा पास्ता घरोघरी पोचण्यापूर्वी येथील लोकांना ‘पानखाऊ’ म्हणत, इतका त्यांचा आहार पालेभाज्यांचा होता. आजही फ्रियारिएल्ली ही किंचित कडवट पालेभाजी आणि स्कारोला ही रुंद पानांची भाजी घरोघरी शिजते. पास्त्याविषयीही दक्षिणेत दिलासा आहे. बोलोन्यासारख्या उत्तरेकडील शहरांत ताज्या पास्त्यात अंडे असते. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावाचा प्रसिद्ध सुका पास्ता मात्र कठीण गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच होतो. अशा पास्त्यावर ताजे टोमॅटो, तुळशीच्या कुळातील बाझिलिको आणि ऑलिव्हचे तेल हे नेपल्सचे साधे आणि अभिजात जेवण आहे.

पिझ्झा बनविण्याच्या येथील कलेला युनेस्कोने 2017 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. परंपरागत पिठात मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असते. धगधगत्या भट्टीत तो दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो. यीस्ट चालत असेल त्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मार्गेरिता हा चीजचा पिझ्झा आपल्याला निर्धोक वाटतो, पण कांपानिया प्रांताच्या नामांकित म्हशीच्या मोझ्झारेल्लात दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. पार्मिजानो रेज्जानोतही तेच असते. चीज नसलेला मारिनारा हा पिझ्झा मात्र टोमॅटो, ओरेगानो, तेल आणि लसूण यांचाच. त्यातील लसूण तेवढा वगळायला सांगितला की काम झाले.

दडलेल्या गोष्टी आणखीही आहेत. ‘तारल्ली’ ही मिरी घातलेली खुसखुशीत कडी पाहून आपल्या खाऱ्या बिस्किटांची आठवण येते, पण तिच्या परंपरागत प्रकारात डुकराची चरबी असते. तेथे तिला ‘सुन्या’ किंवा ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. सूप मांसाच्या अर्काचे, म्हणजे ‘ब्रोदो’चे, असू शकते. स्कारोलात खारवलेले लहान मासे घालण्याची चाल आहे. तळणीचे तेल बहुधा मासळीसह एकच असते. ‘शाकाहारी’ एवढा एकच शब्द अपुरा पडतो, म्हणून ‘वाचून’ या अर्थाचा ‘सेन्त्सा’ हा शब्द पाठ करावा : सेन्त्सा कार्ने (मांस), सेन्त्सा पेशे (मासे), सेन्त्सा उओवा (अंडी), सेन्त्सा आल्यो (लसूण), सेन्त्सा चिपोल्ला (कांदा), सेन्त्सा पाताते (बटाटे). हे शब्द रोमन लिपीत कागदावर लिहून दाखवणे सर्वांत उत्तम. युरोपीय नियमानुसार डिसेंबर 2014 पासून प्रत्येक खानावळीला चौदा ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्यांत अंडी, मासे, दूध येतात. कांदा, लसूण आणि मांस येत नाहीत. म्हणजे तो तक्ता पाहावा, पण त्यावर विसंबू नये.

राहिला प्रश्न वेळेचा. रात्रीचे जेवण तेथे आठच्या सुमारास सुरू होते आणि डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारासच मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांना रात्रीचा बेत शक्यच नाही. सुदैवाने येथेही नियम आणि चांगले जेवण एकाच दिशेला नेतात. कामकरी नेपल्सचे खरे जेवण दुपारचेच असते. तेव्हा मुख्य भोजन दीड वाजता बसून, निवांतपणे करावे; सायंकाळपूर्वी बाजारातील फळे, सोर्रेन्तोचे अक्रोड आणि सोबतचा खाकरा पुरेसा होतो. व्यापाऱ्यांशी बोलणीही दुपारच्या जेवणावर ठरवावीत. यजमानाला त्यात वावगे वाटत नाही. ऑगस्टच्या मध्यास मात्र बऱ्याच लहान खानावळी सुट्टीसाठी बंद असतात आणि रविवारी दुपारी स्थानिक कुटुंबांची गर्दी असते. त्या दिवशी जागा आधी सांगून ठेवावी. देयकावर ‘कोपेर्तो’ या नावाने माणशी लहानसा आकार दिसला तर ती फसवणूक नव्हे, मेज मांडण्याची ती रीतच आहे.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. चार दिवसांच्या मुक्कामात चार ठिकाणे आजमावण्याचा मोह टाळावा. पहिल्या दिवशी ज्या घराने नीट ऐकून घेतले, तेथेच दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी जावे. पहिल्या दिवशी कागद दाखवावा लागतो. दुसऱ्या दिवशी वाढपी स्वतःच ‘सेन्त्सा आल्यो’ म्हणतो. तिसऱ्या दिवशी कदाचित आपल्यासाठी बाजूला ठेवलेली भाजी मिळते. बांधलेले गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा ते होणे सोपे असते, आणि पेढीवर बसणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.