पाच फूट दोन इंच आणि चार हजार वर्षं

'बॅक इन ब्लॅक' हा एसी/डीसी या रॉक बँडचा अल्बम 42 मिनिटांचा. जगभरात त्याच्या सुमारे 5 कोटी प्रती खपल्या, असा अंदाज आहे. प्रत्येक प्रत एकदाच, एकीमागून एक वाजवायची ठरवली तर जवळपास 4,000 वर्षं लागतील. ख्रिस्तपूर्व 2000च्या सुमारास पहिली तबकडी लावली असती, तर आत्ता कुठे शेवटची संपत आली असती! आणि हा अल्बम निघाला कसा? 19 फेब्रुवारी 1980ला बँडचा गायक बॉन स्कॉट गेला. नवा गायक शोधून, बहामामध्ये रेकॉर्डिंग करून 25 जुलैला अल्बम दुकानात हजर. 157 दिवस.

यातली लीड गिटार वाजवणारा अँगस यंग उंचीने जेमतेम पाच फूट दोन इंच. ग्लासगोत जन्मलेला, आठव्या वर्षी कुटुंबासोबत सिडनीला आलेला. पंधरावं सरायच्या आत त्याने शाळा सोडली. पण बहीण मार्गारेटच्या सुचवण्यावरून चढवलेला शाळेचा गणवेश पन्नास वर्षं झाली तरी काही सुटलेला नाही.

मंचावर तो चक बेरीसारखा एका पायावर उड्या मारत सुटतो, मधेच पाठीवर पडून जमिनीवर गरागरा फिरतो, आणि सोलो मात्र चालूच. हातात गिब्सन एसजी, पातळ अंगाची आणि हलकी. सत्तरच्या दशकाअखेर वायरलेस यंत्रणा आली आणि पायात घुटमळणारी केबल गेली. मग तर याला मंचसुद्धा पुरेना.

गर्दीचे आकडे मात्र जरा जपून घ्यावेत. 28 सप्टेंबर 1991ला मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावर एसी/डीसीच्या कार्यक्रमाला किती लोक होते? कुणी 5 लाख म्हणतं, कुणी 16 लाख. तिकीटच नव्हतं, मोजणार कोण? मला मोठा आकडा फुगवलेला वाटतो. पण दोन अंदाजांमधली 11 लाखांची तफावत बघा. 2009च्या डिसेंबरात ब्युनोस आयर्सच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर त्यांचे तीन कार्यक्रम झाले, तिन्ही मिळून जवळपास 2 लाख लोक. म्हणजे त्या तीन रात्री पाचदा भरूनही तफावत उरतेच. ते कार्यक्रम ज्या 'ब्लॅक आइस' दौऱ्यातले, त्याची एकूण कमाई 44 कोटी डॉलरच्या घरात गेली.

एवढं सगळं मूठभर कॉर्ड्सवर. नवं काही करत नाहीत, ही टीका त्यांनी आयुष्यभर ऐकली. माझ्या मते धंद्याचं आणि कलेचं गुपितही तेच. अँगसला धुमाकूळ घालता आला, कारण मागे थोरला भाऊ माल्कम रिदम गिटारवर चाळीस वर्षं लयीला तसूभरही हलू देत नव्हता. स्मृतिभ्रंशामुळे 2014मध्ये त्याला थांबावं लागलं, 2017मध्ये तो गेला. त्याची जागा पुतण्या स्टीव्हीने घेतली. 2020मध्ये आलेला 'पॉवर अप' अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेला, आणि त्यातल्या एकूण एक गाण्यावर नावं आहेत अँगस आणि माल्कमची.