चिझम-रायडरचा हिवाळा

अमेरिकेत ईरी सरोवराच्या दक्षिण काठाने कॉनकॉर्ड द्राक्षांच्या बागांचा पट्टा पसरलेला आहे. इथली द्राक्षं ताटात क्वचितच येतात, ती बहुतेक बाटलीत जातात. टॉमस वेल्च यांनी १८६९ साली न्यू जर्सीत द्राक्षरस न आंबता टिकवून दाखवला. पुढे त्यांच्या मुलाने हा धंदा याच पट्ट्यातल्या वेस्टफिल्ड गावी आणला, आणि कॉनकॉर्ड म्हणजे रस हे समीकरण पक्कं झालं. सप्टेंबरच्या उत्तरार्धात इथली तोडणी सुरू होते. या हंगामात आजच्या चकचकीत यंत्रांच्या जोडीला चिझम-रायडर नावाची जुनी धुडंही बागेत उतरतात. ती बनवणं कंपनीने केव्हाच थांबवलं. तरीही ती चालतात, कारण कोणीतरी ती चालती ठेवतं.

या यंत्राचा जन्म बागेतल्या संशोधनातून झाला. कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनीव्हा इथल्या केंद्रात नेल्सन शॉलिस वेलींच्या मांडणीवर काम करत होते. दाट पानोऱ्यात आतल्या पानांना ऊन मिळत नाही, म्हणून त्यांनी एका ओळीचा पानोरा दोन पडद्यांत विभागला. ती पद्धत ‘जिनीव्हा डबल कर्टन’ म्हणून जगभर गेली. कॉर्नेलचेच कृषी अभियंते स्टॅनली शेपर्डसन आणि शॉलिस यांनी मिळून तारेला हादरा देऊन द्राक्षं पाडायचे प्रयोग केले. वेलीचा जाणकार आणि यंत्राचा जाणकार एकाच ओळीत उभे राहून विचार करत होते, ही मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. नायगारा फॉल्सची चिझम-रायडर कंपनी डबाबंद भाज्यांच्या कारखान्यांसाठी यंत्रं बनवायची, शेंगा तोडायचीही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिने द्राक्षतोडणी यंत्र बाजारात आणलं.

यंत्र ओळीच्या दोन्ही बाजूंना चाकं टाकून उभं राहतं, वेल त्याच्या पोटातून जाते. आत फायबरग्लासच्या लवचीक काठ्यांच्या दोन फळ्या वेलीला डावीकडून-उजवीकडून झटके देतात. कॉनकॉर्डचा पिकलेला मणी देठापासून सहज सुटतो, म्हणून या जातीला हा हादरा मानवला. मणी खाली पडतात ते एकमेकांवर चढवलेल्या पट्ट्यांवर. माशाच्या खवल्यांसारख्या रचलेल्या या पट्ट्या स्प्रिंगच्या जोरावर खोडाभोवती मिटतात, खोड पुढे सरकलं की पुन्हा जुळतात. तिथून वाहक पट्टे माल वर उचलतात, पंखे पाला उडवतात आणि एक लांब हात शेजारच्या ओळीतून चालणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या पेट्यांत द्राक्षं ओततो.

बिघाडाची सगळी ठिकाणं याच वर्णनात आहेत. खवले दिवसभर खोडांवर घासतात, त्यांच्या कडा झिजतात, स्प्रिंगा थकतात. दोन खवल्यांत बोटभर फट पडली की ओळीच्या टोकापर्यंत द्राक्षं मातीत सांडत जातात. चालकाच्या जागेवरून ते दिसत नाही. यंत्रामागे चालणाऱ्याला दिसतं. म्हणून जाणता बागायतदार अधूनमधून यंत्रामागून पायी फिरतो. काठी तुटली तर तिचा तुकडा मालात जायची भीती, आणि ती तशीच ठेवली तर फळीचा तोल बिघडून बेअरिंगवर ताण येतो.

पण खरा शत्रू रस. द्राक्षाचा रस आंबट, चिकट आणि साखरेने जड. तो बेअरिंगच्या सीलपाशी साचतो, साखळीच्या कड्यांत वाळतो, लोखंड खातो. रोज काम संपल्यावर, कितीही उशीर झाला तरी, यंत्र पाण्याने धुवावंच लागतं. धुतल्यावर ग्रीस द्यायचं, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर येतं. हा क्रम पाळणाऱ्यांची यंत्रं टिकली, आळस करणाऱ्यांची भंगारात गेली. हायड्रोलिकच्या नळ्यांचंही तसंच. वर्षातले बहुतेक महिने यंत्र उभं असतं, रबर कडक होतं, आणि पहिल्याच दाबाला नळी फुटली तर तेल थेट द्राक्षांवर. तो माल कारखाना घेत नाही.

त्यामुळे दुरुस्तीचा मोसम हिवाळा. शेडमध्ये यंत्र उघडायचं, शाफ्ट काढून बेअरिंग हाताने फिरवून पाहायची, तडकलेल्या सांगाड्याला वेल्डिंग करायचं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलायच्या. मूळ सुटे भाग मिळणं कठीण, म्हणून अनेकांच्या शेडमागे दुसरं, मेलेलं चिझम-रायडर उभं असतं, भाग काढून घेण्यासाठी. उरलेलं गावातल्या लेथवर बनतं. इथे या जुन्या यंत्राचा मोठेपणा कळतो. त्यातली बेअरिंग, साखळ्या, हायड्रोलिक मोटारी बऱ्याच अंशी बाजारात मिळणाऱ्या मापाच्या. बिघाड कानाने आणि हाताने सापडतो.

आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे यंत्र कामाचं नाही. खाण्याच्या द्राक्षाचा घड अखंड हवा, मण्यावरची लव शाबूत हवी, कात्रीशिवाय ते होत नाही. शिवाय मांडवाखालून असं यंत्र जाणार कुठून? पण फवारणीचा जुना ब्लोअर शेडमध्ये स्वतः खोलून बसवणाऱ्याला तिथल्या शेतकऱ्याचं म्हणणं लगेच समजेल.

फ्रान्समध्ये ब्रो कंपनीने १९७०च्या दशकात द्राक्षतोडणी यंत्रांत पाऊल टाकलं, आणि आज न्यू हॉलंडच्या नावाखाली बनणारी तिची यंत्रं कॉम्प्युटरच्या मदतीने हादरा मोजूनमापून देतात. ती अधिक स्वच्छ तोडतात, वेलीला कमी दुखवतात, यात वाद नाही. पण रसाच्या द्राक्षाचा भाव असं यंत्र घेण्याइतका क्वचितच असतो, आणि घेतलं तरी ऐन ऑक्टोबरच्या रात्री सेन्सर बंद पडला तर लॅपटॉप घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहावी लागते. कारखान्याने माल आणायची ठरवून दिलेली वेळ थांबत नाही. चिझम-रायडरवाल्याकडे त्या रात्री पान्हा असतो, शेडमागे दुसरं यंत्र असतं, आणि कोणता बोल्ट आधी सोडवायचा हे त्याला जानेवारीतच कळलेलं असतं.