संज्ञा, वर्ग आणि संसर्ग : नागर भारतातील पुरुषगटांची परिभाषा

सांसर्गिक रोगाविषयीची लोकजागृती हे वैद्यकाचे कार्य मानले जाते. परंतु तिचे साधन भाषा हेच असते. 'अमुक लोकांना या रोगाचा धोका अधिक आहे' या साध्या विधानातही ते 'अमुक लोक' कोण हे ठरविणारी एक संज्ञा असते. त्या संज्ञेत ज्याला स्वतःची ओळख पटत नाही, त्याच्यापुरते ते विधान व्यर्थ होय. भारतीय शहरांत पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एच्. आय्. व्ही.विषयीचे ज्ञान पोहोचविताना जी अडचण आली, ती पुष्कळ अंशी या स्वरूपाची आहे.

भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली मद्रास येथे झाली, ती वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ततपासणीतून. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना १९९२ मध्ये अस्तित्वात आली. प्रारंभीच्या प्रचारात वेश्या, तिच्याकडे जाणारा पुरुष आणि त्याची पत्नी अशी संसर्गाची साखळी प्रामुख्याने वर्णिलेली असे. रोग स्त्रीपासून येतो, असा ग्रह त्यामुळे सहजच बळावला. पुरुषापुरुषांतील संबंधांची उघड चर्चा मुंबईत १९९० साली निघालेल्या 'बॉम्बे दोस्त' या नियतकालिकाने आणि १९९४ साली स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टने पुढे नेली.

या कार्यातून जी परिभाषा प्रकाशात आली, ती भाषाभ्यासकाने लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. रेल्वे स्थानके, उद्याने इत्यादी ठिकाणी परस्परांना भेटणाऱ्या पुरुषांच्या एका वर्गात 'कोती' हा शब्द रूढ आहे. हावभावांत स्त्रीसदृश असणारा व संबंधात स्वीकारणाऱ्याची भूमिका घेणारा पुरुष, असा त्याचा स्थूल अर्थ. त्याच्या पौरुषयुक्त जोडीदारास मुंबईकडे 'पंथी', उत्तरेत 'गिरिया' आणि बंगालमध्ये 'पारिख' म्हणतात. दोन्ही भूमिका घेणारा तो 'डबल डेकर'. हिजडा समाजाच्या गुप्तभाषेशी या शब्दसंग्रहाचे निकटचे नाते आहे. त्या भाषेस 'फारसी' असे म्हणतात, परंतु इराणच्या फारसीशी तिचा वांशिक संबंध नाही; बाहेरच्यास न कळणे हेच तिचे प्रयोजन.

'कोती' हा शब्द इंग्रजी अहवालांत 'टी'पुढे 'एच्' जोडून लिहिला जातो. दंत्य 'त'साठी असे लेखन करण्याची रीत दक्षिणेकडील आहे. उत्तरेकडील वाचक मात्र त्याचा उच्चार 'कोथी' असा करतो. मराठी वाचकास 'कोते मन' यातील विशेषण आठवण्याचा संभव आहे. पण केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविणे शास्त्रसंमत नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, या संज्ञा परस्परसममित नाहीत. 'कोती' हे नाव ती व्यक्ती स्वतःस लावते. 'पंथी' हे नाव मात्र बहुधा कोतीने दुसऱ्यास दिलेले असते. ज्याला ते दिले जाते, तो स्वतःला केवळ 'पुरुष' समजतो. तो पुष्कळदा विवाहित असतो, आणि समलिंगी व्यक्तींसाठी लिहिलेले माहितीपत्रक आपल्यासाठी आहे असे त्याला वाटत नाही. ज्या कृतीस तो सहज बोलण्यात 'मस्ती' म्हणतो, ती त्याच्या लेखी 'संभोग' या शब्दाच्या कक्षेतच येत नाही. 'असुरक्षित संभोग टाळा' हा संदेश तो वाचतो, मान्यही करतो, आणि मस्ती चालू ठेवतो. वस्तुतः गुदसंभोगात स्वीकारणाऱ्यास धोका अधिक असला, तरी दुसऱ्यासही तो असतोच. आणि पुढे त्याच्या पत्नीसही.

ही अडचण ओळखूनच १९९०च्या दशकात रोगप्रसारशास्त्राने 'पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष' ही संज्ञा प्रचारात आणली. तिची आद्याक्षरे 'एम्. एस्. एम्.'. व्यक्तीची ओळख बाजूस ठेवून केवळ कृतीचा निर्देश करावा, हा तिचा हेतू. परंतु संज्ञा व्यवहारात आली की तिचा अर्थ कर्त्याच्या हेतूवर अवलंबून राहत नाही. भारतातील प्रकल्पांत तिच्याखाली कोती, पंथी, डबल डेकर असे पोटवर्ग पाडले गेले. आणि कोती सहज ओळखू येत असल्याने कार्य मुख्यतः तिच्याभोवती फिरले. कृतीची संज्ञा अशा रीतीने पुन्हा व्यक्तीची संज्ञा झाली. २०१४-१५च्या राष्ट्रीय पाहणीत या गटातील संसर्गाचे प्रमाण ४.३ टक्के आढळले. २०१५ साली देशातील प्रौढांत ते सुमारे ०.२६ टक्के होते. परंतु ज्याने आपले नाव कोणत्याच वर्गात नोंदविले नाही, तो अशा आकड्यांत येत नाही.

मौनास कायद्याचाही आधार होता. जुलै २००१ मध्ये लखनौ येथे या पुरुषांत प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दंडसंहितेच्या कलम ३७७ अन्वये अटक झाली, आणि त्यांना चाळीसहून अधिक दिवस कोठडीत काढावे लागले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीने होणारे संबंध त्या कलमातून वगळले. तथापि न्यायालयाच्या निर्णयाने घरात उच्चारता येईल असा शब्द निर्माण होत नाही. पुण्यात २००२ साली स्थापन झालेल्या 'समपथिक ट्रस्ट'चे नाव या दृष्टीने उल्लेखनीय आहे. 'हमसफर'प्रमाणे त्याचाही अर्थ सहप्रवासी. त्यात कृतीचा निर्देश नाही, वर्गाचा शिक्का नाही, केवळ सोबतीचा भाव आहे.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. स्वतःस नाव देणाऱ्यांशी त्यांच्या नावाने बोलावे. परंतु ज्यांना नाव नाही, त्यांच्यासाठी संदेश कृतीच्या भाषेत असावा, आणि ती कृती त्यांच्याच शब्दाने सांगावी. 'मस्ती'तही निरोध वापरावा. तेलाने निरोधाचे रबर कमकुवत होते, म्हणून पाण्यावर आधारित वंगण घ्यावे. तपासणी करून घ्यावी. औषधोपचाराने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. ही विधाने समजण्यासाठी ऐकणाऱ्यास आधी 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागत नाही. जागृतीच्या भाषेची खरी कसोटी हीच आहे.