चारही चाकांची ओढ आणि पुढील आसाचे आयुष्य

भातखाचरात चिखलणी करण्यासाठी व ओल्या फडातून उसाची भरलेली ट्रॉली बाहेर काढण्यासाठी फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर फार उपयोगी पडतो. मात्र हीच चारही चाकांची ओढ डांबरी रस्त्यावर यंत्राच्या जिवावर उठते.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. पुढील चाकांचा परीघवेग मागील चाकांपेक्षा सामान्यतः १ ते ५ टक्के अधिक राहावा, अशी दंतचक्रांची योजना कारखान्यातच केलेली असते. मऊ मातीत चाके किंचित घसरून हा फरक जिरतो. कठीण रस्त्यावर त्यास वाव नसल्याने पुढील व मागील चाके एकमेकांशी झगडतात आणि सारा ताण दांडा, दंतचक्रे व बेअरिंगे यांवर येतो. पुढील टायर अकाली झिजले, तर टायर विकणाऱ्यास बोल लावण्यापूर्वी फोर व्हीलचा दांडका कोठे होता ते पाहावे! रस्त्यावर पुढील चालन सोडवावे. निसरड्या उतारावर भरलेली ट्रॉली उतरविताना मात्र ते जोडलेले असावे, कारण त्यामुळे इंजिनाचा अवरोध चारही चाकांना मिळतो. टायर भलत्या मापाचे बसविल्यास वेगाचे हे प्रमाणच बिघडते व शेतातही ताण उत्पन्न होतो.

चिखलणीनंतर हबभोवती गुंडाळलेले गवत व दोर काढावेत. त्यांनी ऑईल सील कापले जाऊन गढूळ पाणी आत शिरते. आसातील तेल दुधाळ दिसल्यास मुदतीची वाट न पाहता सील व तेल दोन्ही बदलून घ्यावीत.