१९११ च्या विलायत-दौऱ्याचें गुणपत्रक

आमच्या धाराशिव-तुळजापुराकडे सनदा व महजर पारखणारा अभ्यासक खेळाच्या गुणपत्रकाकडे सहसा वळत नाहीं. वस्तुतः तेंहि समकालीन लेखी साधनच होय. इ. स. १९११ च्या उन्हाळ्यांत पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नायकत्वाखालीं पहिला अखिल भारतीय क्रिकेट-संघ विलायतेस गेला. २३ सामन्यांपैकीं ६ जिंकले, १५ गमावले, २ अनिर्णित राहिले. एवढेंच वाचणारास मोसम फसला असें वाटेल. परंतु गोलंदाजीचा तक्ता निराळी हकीकत सांगतो. पालवणकर बाळू यांनीं ११४ बळी घेतले, पैकीं ८ केंब्रिज विद्यापीठाच्या एकाच डावांत. सॉमरसेटवरील विजयांत त्यांचे बंधु शिवराम यांनीं नाबाद ११३ धावा काढल्या.

हे बंधु चांभार कुळांतले. पुण्यास हिंदु संघाकडून खेळतांना बाळूंस चहा मंडपाबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत मिळे. मैदानावर मात्र त्यांच्यावांचून संघाचें चालत नसे, हा विरोध गुणपत्रकांत ओळीओळीस दिसतो. हिंदु संघाचें नायकत्व या घराण्यांत आलें तें १९२३ सालीं, धाकटे बंधु विठ्ठल यांच्याकडे. बाळूंची नेमणूक त्या पदावर कधींच झाली नाहीं. जुन्या क्लबांच्या गुणवह्या कोणाच्या संग्रहीं असल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत.